वावर नाही

१

टेपबाई हे नाव त्यांना गवंड्यांनी ठेवलं होतं. कमरेला सतत पोलादी टेप लटकलेली, कानावर पेन्सिल, आणि कुणी "साधारण दहा फूट असेल" म्हणालं की कपाळावर आठी. साधारण हा शब्द त्यांना खपायचाच नाही. राहती घरं दुरुस्त करून देणं हा त्यांचा धंदा. कुणाचे गुडघे गेले, कुणाला जुळं झालं, कुणाच्या घरी चाकाची खुर्ची आली, की लोक टेपबाईंना बोलवायचे.

त्यांची एक पद्धत होती आणि तिच्यावरून त्यांची भरपूर चेष्टा व्हायची. घराला हातोडा लागण्याआधी आठवडाभर त्या भिंतीवर घराचा नकाशा चिकटवत, रोज नवा कागद. घरातल्या प्रत्येकाला एकेका रंगाची पेन्सिल. कुठून उठलात, कुठे गेलात, त्याची रेघ ओढायची आणि बाजूला वेळ लिहायची. याला त्या वावराचा नकाशा म्हणत. माणसं आपल्या घराबद्दल तोंडाने जे सांगतात त्यातलं निम्मं खरं नसतं, असा त्यांचा अनुभव होता.

"बाई, दुसरा काहीतरी शब्द काढा," बावीस वर्षं त्यांच्याबरोबर काम करणारा मिस्त्री कुरकुरायचा. "वावर म्हटलं की गिऱ्हाइकाला भलतंच वाटतं."

"वाटू दे. चांगला शब्द आहे."

या वेळचं घर तळमजल्यावरचं होतं. बाहेरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, अशा एकामागे एक तीन खोल्या. राहणारे एकटेच, शहात्तर वर्षांचे काका. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. बायको चार वर्षांपूर्वी गेलेली. हल्ली काकांचा तोल जायला लागला होता. एकदा बाजारात पडले, एकदा पोस्टाच्या पायरीवर. एकुलती एक लेक दूरच्या शहरातून पंधरा दिवसांची रजा टाकून आली होती, आणि तिने पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगून टाकलं.

"ताई, मला बाबांना माझ्याकडे न्यायचंय. ते ऐकत नाहीत. शेवटी असं ठरलंय, की घर त्यांच्यापुरतं धड करून घ्यायचं, मग ते इथे राहतील. पण या पंधरा दिवसांत घरात एकदा जरी पडले, तर मी काही ऐकून घेणार नाही. गाडी बोलावणार आणि घेऊन जाणार."

"घरात मी कधी पडलोय?" काका आतून म्हणाले.

"पडलात तर मला कळवणार होतात का? आईचं तरी कुठे वेळेवर कळवलंत? मी पोचले तेव्हा सगळं आटपलं होतं."

काका दारात आले. मग त्यांनी टेपबाईंकडे असं काही बघितलं, की एरवी कुणाला न जुमानणाऱ्या त्या बाई उगीचच टेप मागेपुढे ओढत बसल्या.

२

घर बघितलं की टेपबाईंना माणसं दिसायची. इथला ओटा सत्तावीस इंचांचा होता, म्हणजे नेहमीपेक्षा पाच-सहा इंच खाली. फळ्या खाली, खुंट्या खाली, खिडकीचा कट्टा खाली. दाराचा रंग हात लागून उडालेला, तोही कडीच्या बराच खाली. "चार फूट आठ," टेपबाई म्हणाल्या.

"साडेआठ!" काका एकदम खुलले. "तो अर्धा इंच धरायचा हं. भांडायची ती त्याच्यावरून. घर बांधताना मिस्त्रीच्या डोक्यावर बसून करून घेतलंय सगळं. मी म्हटलं, अगं, मला कंबर मोडून चहा करावा लागेल. तर म्हणाली, तुम्ही आजवर कधी केलाय चहा? काय बोलणार! बस मी चालवायचो, पण घरात कंडक्टर ती."

आणि तो बोळ. मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जायला चांगलं दार होतं. तरी न्हाणीघराच्या पलीकडून, ओट्यापासून मधल्या खोलीतल्या पलंगापर्यंत, सव्वादोन फुटांचा वेगळा बोळ काढलेला होता. काकांची आई त्या पलंगाला खिळून होती तेव्हाची ही सोय. आतून हाक आली की सून ओट्यावरून थेट उशाशी पोचायची. सासू गेली, बोळ राहिला. काकांसारख्या आडव्या अंगाच्या माणसाला त्यातून जाणंच शक्य नव्हतं.

चार दिवसांचे कागद टेपबाईंनी टेबलावर पसरले. काकांची रेघ निळी, लेकीची लाल. मधल्या खोलीत निळी रेघ एका ठिकाणी बाक घेत होती. वाटेत खुर्ची नाही, सतरंजी नाही, आणि रेघ मात्र वळसा घालून गेलेली. लाल रेघही तिथेच तशीच.

"इथे पूर्वी काही होतं का? कपाट वगैरे?"

"छे, मोकळीच आहे जागा," काका म्हणाले आणि पेपरात तोंड खुपसलं.

टेपबाईंनी हिशोब जुळवला. माणूस ड्रायव्हर, अंतर ठेवून जाणं त्याच्या अंगात भिनलेलं. लेक लहानपणी बापाच्या मागून चाललेली, तिने तेच उचललं. विषय संपला, असं म्हणून त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला. कारण तो वळसा जागा बदलत होता. साडेदहाला ओट्यासमोर. बाराला खिडकीपाशी. तीनला मधल्या खोलीत. पावणेचारला बोळाच्या तोंडाशी. चारही दिवस, दोघांच्याही रेघांत, त्याच वेळांना. चार ते साडेचार वळसा कुठेच नव्हता, आणि साडेचारला तो पुन्हा ओट्यासमोर हजर होता.

योगायोग असेल, त्यांनी स्वतःला बजावलं. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

३

पाचव्या दिवशी तीनच्या सुमाराला टेपबाई मधली खोली मोजत होत्या. काका बाहेर पेपर वाचत होते, लेक ओसरीवर फोनवर बोलत होती. टेपचं टोक एका भिंतीच्या बुडाशी अडकवलं, जमिनीवरून ओढत दुसऱ्या भिंतीपर्यंत नेलं. अकरा फूट साडेतीन इंच. सकाळी हेच माप अकरा फूट दीड आलं होतं.

"डोळे तपासून घ्यायला हवेत," त्या पुटपुटल्या. टेप सोडली, पुन्हा ओढली, चांगली ताणून धरली. अकरा फूट साडेतीन.

मग त्यांनी टेपकडे पाहिलं. ती सरळ नव्हती. खोलीच्या मध्यावर वीतभर बाहेर जाऊन, बाक घेऊन, परत जागेवर आली होती. बरं, आता पोलादी टेप ताणली की सरळ होते, तिला दुसरं काही येतच नाही. टेपबाईंनी उकिडवं बसल्या बसल्या आणखी जोर लावला. टेप थरथरली, पण बाक गेला नाही. कुणीतरी मध्ये उभं असावं आणि टेप त्याच्या पायांना लागून वळावी, अगदी तसं ते दिसत होतं. खोलीत उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि बाहेर काकांच्या पेपराचा आवाज येत होता.

"सॉरी हं," टेपबाई म्हणाल्या. आपण हे का म्हणालो ते त्यांनाही कळलं नाही.

खट् आवाज झाला आणि टेप सरळ झाली. अकरा फूट दीड.

त्यांनी माप लिहून घेतलं, वही मिटली, आणि खोलीतून बाहेर पडताना त्या मध्यावरच्या जागेला चांगला वळसा घालून गेल्या. ओसरीवर आल्यावर हे त्यांच्या लक्षात आलं. फरशी ऊन खाऊन फुगली असेल, त्यांनी ठरवून टाकलं. पन्नाशीच्या बाईला, तेही भर दुपारी, याहून वेगळं काही ठरवणं परवडणारं नव्हतं.

आठवड्याने नकाशा तयार झाला. न्हाणीघर रुंद हवं होतं, आत बसायची जागा, धरायला दांडे. त्यासाठी शेजारचा बोळ पोटात घ्यायचा. आधी त्याची दोन्ही तोंडं विटांनी बंद करायची म्हणजे घरात धूळ येणार नाही, आणि मग न्हाणीघराच्या बाजूने मधली भिंत पाडायची. नकाशात बोळावर टेपबाईंनी आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं होतं: वावर नाही. बंद करणे.

काकांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "वावर नाही?"

"सात दिवसांत तुम्ही दोघंही त्यातून एकदाही गेला नाहीत, काका."

"आम्ही दोघं नाही गेलो. ते बरोबर आहे." त्यांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. "एवढं केलं की मला इथे राहता येईल?"

"येईल."

"मग करा. फक्त त्या बोळाचं काम सकाळी उरका. दुपारी चारनंतर नको."

टेपबाईंना वाटलं, म्हाताऱ्याला दुपारी झोपायची सवय असेल. "बरं," त्या म्हणाल्या.

४

वाळूची गाडी सकाळी यायची ती दुपारी दोनला आली. मिस्त्रीने शिव्या घालत काम सुरू केलं. काका दोनदा येऊन गेले, घड्याळाकडे बघून गेले, पण लेकीसमोर काही बोलले नाहीत. शेवटची वीट बसली तेव्हा सव्वाचार वाजले होते.

रेघांचे कागद अजून चालूच होते; दुसऱ्या दिवशीचा टेपबाईंनी सवयीने पाहिला. निळी रेघ सरळ, लाल रेघ सरळ. कुठेही वळसा नाही, एकाही खोलीत नाही. जीव भांड्यात पडायला हवा होता. त्याऐवजी त्या बराच वेळ कागद हातात धरून उभ्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला काका स्वयंपाकघरात पडले. मनगट सुजलं, कपाळाला खोक पडली, बाकी निभावलं. लेकीने रडत रडत त्यांचं कपाळ पुसलं आणि त्याच हाताने गाडीवाल्याला फोन केला. गाडी ठरली ती रविवारी बारा वाजताची.

"ठरलं होतं, बाबा."

"हो, ठरलं होतं." काका आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. "मी नेहमीसारखा हात टाकला गं. तर खाली काहीच नव्हतं."

"आईच्या वेळी मी उशिरा पोचले," लेक नंतर ओसरीवर टेपबाईंना म्हणाली. "चार वर्षं झाली. अजून रोज मी त्या गाडीत बसलेली असते आणि गाडी पोचतच नाही. आता यांच्या वेळी असं झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? तुम्हाला मी वाईट वाटतेय, कळतंय मला. पण मी त्यांना नेणार."

टेपबाईंना ती मुळीच वाईट वाटत नव्हती. तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता, आणि तो काही त्यांनी फिरवला नाही.

५

शनिवारी सकाळी मिस्त्रीचा फोन आला. "बाई, या जरा."

ओट्याच्या बाजूच्या नव्या भिंतीवरचं प्लास्टर वाळलं होतं. फक्त एक ठिपका ओला होता, तळहाताएवढा. टेपबाईंनी सवयीने उंची मोजली. साडेतीन फूट. चार फूट साडेआठ इंच उंचीच्या माणसाने भिंतीवर हात टेकला तर तो जिथे येईल, तिथे.

"पाणी झिरपत असेल," त्या म्हणाल्या.

"कुठून झिरपेल? आत नळच नाही, न्हाणीघराकडची भिंतही अजून पाडलेली नाही. कोरडा डबा आहे तो, चारी बाजूंनी बंद." मिस्त्रीने आवाज खाली आणला. "आणि ऐका."

दोघं उभे राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. मग भिंतीतून आवाज आला. हाताच्या पंज्याची थाप, एकच. बऱ्याच वेळाने पुन्हा एक. जोर नाही, राग नाही, घाई नाही. न्हाणीघराची कडी अडकल्यावर, बाहेर आपलीच माणसं आहेत आणि ती येतीलच अशा भरवशाने कुणी आतून वाजवावं, तशी ती थाप होती.

काका त्या भिंतीला लागून खुर्ची टाकून बसले होते. कालपासून तिथेच होते म्हणे, जेवले नव्हते. लेकीला वाटत होतं, पडल्यामुळे डोक्याला मार बसला. टेपबाई त्यांच्यासमोर फरशीवरच बसल्या.

"काका."

"एक थाप म्हणजे थांबा," काका म्हणाले. "दोन म्हणजे चला. आमच्या बसच्या पत्र्यावर कंडक्टर वाजवायचा ना, ते हिने उचललं होतं. मी बाहेर निघालो आणि हिचं काही राहिलं असलं की इथून भिंतीवर एक थाप. चौतीस वर्षं एका थापेवर थांबत आलोय मी." त्यांनी डोळे पुसले. "उद्या मला न्यायचंय ना, खुशाल न्या. मी पोरीला शब्द दिलाय. पण बाई, ती आत असताना मी कसा निघू?"

टेपबाईंना एकदम ते कागद आठवले. चार ते साडेचार, वळसा कुठेच नाही. त्यांना वाटलं होतं, त्या वेळी घरात तिसरं काही नसतं. ते असायचं, बोळात असायचं. तो बोळ त्या दोघांपैकी कुणाचाच नव्हता, आणि त्यांनी त्याच्यावर स्वतःच्या हाताने वावर नाही असं लिहून, सव्वाचार वाजता, दोन्ही तोंडं लिंपून टाकली होती.  आपण मापात चुकलो नाही कधी, हा त्यांचा आयुष्यभराचा तोरा होता.

"मिस्त्री," त्या उठत म्हणाल्या, "उद्या सकाळी घण घेऊन या."

"बाई, मी नाही हं. माझी पाचावर धारण बसलीय."

"मग मी मारते. तुम्ही नुसते उभे राहा."

६

रविवारी साडेअकराला घण लागला. शेवटी मारला तो मिस्त्रीनेच. बाईमाणसाला असला घाव घालायला लावून मी बघत बसू काय, म्हणाला. लेक आधी चिडली. "आत्ता? गाडी यायला आलीय आणि तुम्ही भिंत काय पाडताय? बाबांच्या भ्रमाला तुम्हीही खतपाणी घालताय, ताई?" टेपबाईंनी मिस्त्रीला पुढचा घाव घालायची खूण केली.  मग लेक मधल्या खोलीच्या दारात भरलेली बॅग हातात धरून उभी राहिली.

पाच-सहा घावांत विटा आत ढासळल्या. मिस्त्रीने भोक मोठं केलं, खालच्या विटा उपटून काढल्या, आणि घण टाकून मागे सरला. धुळीचा लोट बाहेर आला. खिडकीतून ऊन सरळ त्याच्यावर पडलं होतं आणि धूळ सावकाश खाली बसत होती.

एका जागी ती बसत नव्हती.

टेपबाईंनी ते पाहिलं. नंतर कितीतरी दिवस त्यांनी स्वतःला समजावलं की हवेचा झोत असेल, मागचं दार उघडं होतं. पण तेव्हा त्यांनी पाहिलं, की बोळाच्या तोंडाशी धुळीत एक मोकळी जागा होती, बुटकी, अरुंद, आणि धूळ तिच्या दोन्ही अंगांनी वाहत होती. ती जागा पुढे आली. जरा थांबली. मग काकांच्या खुर्चीकडे वळली.

काकांनी उजवा हात बाजूला उचलला, अंगापासून थोडा लांब, आणि सावकाश खाली आणला. तो हवेत मध्येच थांबला, टेकल्यासारखा. आणि सकाळपासून ज्यांना दोघांनी धरून उठवावं लागत होतं ते काका काठी न घेता उठले.

"लागलं का गं कुठे?" त्यांनी विचारलं. कुणाला, ते कुणीच विचारलं नाही.

ते चालत मधल्या खोलीच्या दाराकडे आले. तोल गेला नाही, पाय अडखळला नाही. मिस्त्री भिंतीला चिकटून बाजूला झाला. टेपबाईही सरकल्या, दोन माणसांना लागेल तेवढी वाट त्यांनी सोडली. दारात फक्त लेक राहिली. तिचंही अंग सवयीने वळायला लागलं होतं. टेपबाईंना तिचा खांदा तिरका झालेला दिसला. मग ती थांबली. तिने बॅग खाली ठेवली आणि सरळ उभी राहिली, दाराच्या बरोबर मध्ये.

काका थबकले. त्यांनी तो टेकलेला हात काढून घेतला, दाराची चौकट धरली, आणि एक पाऊल बाजूला झाले.

लेकीच्या समोर काहीच नव्हतं. निदान टेपबाईंना तरी काही दिसत नव्हतं. लेकीने मान खाली केली, आपल्यापेक्षा बुटक्या माणसाकडे बघण्याइतकी. कपाळावर आलेली तिची बट हलली, मागे गेली आणि कानामागे नीट जाऊन बसली. लेकीचे दोन्ही हात खालीच होते.

"मी यायला निघालेच होते गं," ती म्हणाली. "आई, मी निघालेच होते."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आतलं कुणी हललं नाही. तो पुन्हा वाजला तेव्हा टेपबाई डोळे कोरडे करत ओसरीवरून रस्त्यापर्यंत गेल्या.

"किती पॅसेंजर?" गाडीवाल्याने काच खाली करून विचारलं.

"तिघं आहेत," टेपबाई म्हणाल्या. "पण कुणीच येत नाहीये. तुम्ही जा."